कामिनोवर सॅक पुढे पाठवायची सर्व्हिस: मेसेटावरच्या 27 किलोमीटरच्या दिवसाचा अनुभव

स्पेनमधल्या कामिनोबद्दल, म्हणजे सांतियागो या तीर्थक्षेत्रापर्यंतच्या पायी यात्रेबद्दल, मराठीत आता बऱ्यापैकी लिहिलं जातं, पण सॅक पुढे पाठवायच्या सर्व्हिसबद्दल कोणी नीट लिहिलेलं मला तरी सापडलं नव्हतं, आणि आई-बाबांना घेऊन जाणाऱ्यांना नेमकी तीच माहिती लागते, म्हणून सविस्तर लिहितेय. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाहीये, कारण अशा बऱ्याच कंपन्या आहेत, सगळ्यांची पद्धत थोड्याफार फरकाने सारखीच आहे आणि मला भांडण उकरून काढायचं नाहीये.

आधी थोडी पार्श्वभूमी. मी जर्मनीत नोकरी करते. सप्टेंबर 2023 मधे आई आली होती, ती 63 वर्षांची, बार्शीकडची, आळंदी ते पंढरपूर वारी तीनदा पायी केलेली. तिला म्हटलं अगं इथे पण एक वारी आहे, येतेस का, तर एका मिनिटात हो म्हणाली. पूर्ण कामिनो फ्रान्सेस (कामिनोच्या मार्गांपैकी एक) फ्रान्समधल्या सेंट जीनपासून सांतियागोपर्यंत साधारण 780 किमी आहे, तेवढी सुट्टी मला नव्हती, म्हणून आम्ही बुर्गोस ते लेऑन हा मधला तुकडा घेतला, साधारण 180 किमी, नऊ दिवस. हा सगळा मेसेटा, म्हणजे समुद्रसपाटीपासून आठशे-साडेआठशे मीटरवरचं पठार, आणि त्यावर नजर जाईल तिथपर्यंत गव्हाची शेतं. खूप लोक हा भाग बसने टाळतात, बोअर आहे म्हणतात. आईला मात्र तोच आवडला.

पाठीवर सॅक घेऊन रोज वीस-पंचवीस किमी चालणं तिला जमणार नाही हे आधीपासून माहीत होतं. चालायला ती माझ्यापेक्षा पक्की आहे, प्रश्न खांद्याचा आहे, डाव्या खांद्याचं दुखणं जुनं आहे. म्हणून तिची सात किलोची सॅक रोज पुढे पाठवायची आणि माझी मी घ्यायची असं ठरवलं. सर्व्हिस अशी चालते: आदल्या रात्री आठच्या आत व्हॉट्सॲपवर किंवा फोनवर कळवायचं की उद्या अमुक ठिकाणाहून अमुक ठिकाणी एक सॅक. सकाळी रिसेप्शनपाशी दोरी लावलेली पाकिटं ठेवलेली असतात, त्यावर नाव, फोन, तारीख आणि पुढच्या मुक्कामाच्या आल्बेर्गेचं नाव लिहायचं (आल्बेर्गे म्हणजे यात्रेकरूंसाठीची धर्मशाळा, बंक बेडवाली), आत पैसे घालायचे, पाकीट सॅकला बांधायचं आणि आठच्या आत सॅक ठरलेल्या कोपऱ्यात ठेवून निघायचं. दुपारी दोनपर्यंत सॅक पुढे पोचलेली असते. आम्ही गेलो तेव्हा एका टप्प्याचे 6 युरो, म्हणजे साधारण सव्वापाचशे रुपये पडले, मर्यादा 15 किलो. एवढंच, ना पावती ना ट्रॅकिंग, सगळा विश्वासाचा मामला.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवते कारण ती आम्हाला उशिरा कळली. सरकारी आणि चर्चची बरीच आल्बेर्गे पुढे पाठवलेल्या सॅक घेतच नाहीत, त्यामुळे ही सर्व्हिस घेतली की तुम्हाला बहुतेक वेळा प्रायव्हेट ठिकाणीच राहावं लागतं आणि ते आधी बुक करावं लागतं. म्हणजे जिथे पाय थकतील तिथे थांबू ही मोकळीक जाते. सॅक पुढे गेलीये म्हटल्यावर तुम्हालाही तिथे पोचावंच लागतं. मला हा या सर्व्हिसचा सगळ्यात मोठा तोटा वाटला, सहा युरोपेक्षा मोठा.

आता मुख्य दिवस. कारिऑन दे लोस कोंदेस ते तेरादियोस दे लोस तेम्प्लारिओस, साधारण 27 किमी. या टप्प्याचं वैशिष्ट्य म्हणजे कारिऑन सोडलं की पुढचं गाव काल्सादिया दे ला कुएसा थेट 17 किमीवर, मधे काही म्हणजे काही नाही, गाव नाही, दुकान नाही, सावली पण जवळजवळ नाही. सीझनमधे मधे कुठेतरी कॉफी-सँडविचची गाडी लागते असं ऐकलं होतं, आम्हाला लागली नाही, त्यामुळे त्या भरवशावर निघू नका. आम्ही माणशी दोन लिटर पाणी घेतलं होतं आणि ते बरोब्बर पुरलं.

कारिऑनमधे ऑगस्टिनियन नन्स एक आल्बेर्गे चालवतात, संध्याकाळी गिटार घेऊन यात्रेकरूंसोबत गातात, कोण कुठून आलं ते विचारतात. आम्ही सॅकमुळे दुसरीकडे उतरलो होतो पण गाण्याला जाऊन बसलो, आणि आईने कोणी आग्रह न करताच एक अभंग म्हटला. शब्द कोणाला कळले नाहीत पण त्या म्हाताऱ्या नन डोळे मिटून ऐकत होत्या, ते मी विसरणार नाही.

सकाळी पावणेसातला निघालो तेव्हा मिट्ट काळोख. सप्टेंबरात तिकडे सूर्य आठच्या सुमाराला उगवतो, त्यामुळे पहिला तासभर हेडलाईट लावूनच. नदीवरचा पूल ओलांडला, सान सोइलोचा जुना मठ लागला (आता तिथे हॉटेल आहे), मग थोडा डांबरी रस्ता आणि त्यानंतर ती सरळ पायवाट सुरू होते. सरळ म्हणजे पट्टी ठेवून आखल्यासारखी. हा मूळचा रोमन रस्ता, विया आकितानिया, फ्रान्समधल्या बोर्दोकडून येणारा. या भागात दगडच नाही, सगळी माती, त्यामुळे रोमन लोकांनी रस्त्याखाली भरायला दगड बाहेरून वाहून आणला, आणि दोन हजार वर्षांनी आपण त्याच भरावावरून चालतोय. आईला हे सांगितलं तर ती थांबली, पायाने खडी जरा बाजूला सारून बघितली आणि म्हणाली, ओझं वाहिलं कोणी असेल गं त्या वेळी.

सूर्य पाठीमागून उगवतो कारण आपण सतत पश्चिमेला चालत असतो, त्यामुळे सकाळी आपलीच लांबलचक सावली पुढे पुढे जात असते. मग ती हळूहळू आखडत उजवीकडे सरकते आणि ऊन डाव्या अंगाला लागायला लागतं. चार दिवसांत आमचा दोघींचा डावा हात आणि डावी पोटरी उजवीपेक्षा स्पष्ट काळवंडली होती. सनस्क्रीन लावताना डाव्या कानामागे विसरू नका, मला तिथे फोड आले.

सपाट रस्ता म्हणजे सोपा असं घरी बसून वाटतं. तसं नाहीये. चढ-उतार असला की पायाचे वेगवेगळे स्नायू आलटून पालटून कामाला लागतात, सपाटीवर एकच पाऊल त्याच कोनात हजारो वेळा पडतं, त्याच जागी घासतं, आणि फोड येतात ते याच्यामुळेच. त्यात खडी. त्यात समोर काही बदलतच नाही, तासभर चाललं तरी क्षितिज तिथेच. माझी सॅक साडेआठ किलोची होती, दहाव्या किलोमीटरनंतर दोन्ही तळवे पेटले, आणि शेजारून आई फक्त पाण्याची बाटली, टोपी आणि खांद्याला शबनम अडकवून आरामात चालत होती. तेव्हा मला या सर्व्हिसची खरी किंमत कळली. त्या दिवशी आईच्या पाठीवर सात किलो असते तर आम्ही काल्सादियालाच थांबलो असतो, कदाचित दुसऱ्या दिवशी निघालोही नसतो.

कामिनोवर काही लोकांना हे पटत नाही, तो एक नाजूक विषय आहे. सॅक पुढे पाठवणारा तो खरा यात्रेकरू नव्हे असं मानणारे आहेत, एका बाईंनी तर बुर्गोसजवळ आईच्या रिकाम्या पाठीकडे बघून तोंड वाकडं केलं होतं. मी आईला अर्थ सांगितला तर तिला कळेचना यात वाईट काय आहे. म्हणाली, "दिंडीत आपण भिशी भरतो, सामान ट्रकमधे टाकतो, ट्रक पुढे जाऊन तळावर थांबतो, मग काय ती वारी होत नाही का? चालायचं पायांनी असतं." मला हे शंभर टक्के पटतं. आणि नियमाचं विचाराल तर सांतियागोला जे सर्टिफिकेट देतात, कोम्पोस्तेला, त्यासाठी पायी जाणाऱ्याने शेवटचे किमान 100 किमी चालायला हवेत, पासपोर्टसारख्या पुस्तिकेवर रोजचे शिक्के हवेत, पण ओझं पाठीवरच हवं अशी अट नाही. तेव्हा ज्यांची गुडघेदुखी, खांदेदुखी आहे, ज्यांची वयं झालीत त्यांनी अजिबात संकोच करू नये.

रस्त्यात आम्ही दोनदा बसलो. आईने डबा काढला, दाण्याची चटणी आणि आदल्या दिवशीचा पाव, वर गुळाचा खडा. शाकाहाऱ्यांसाठी एक सूचना, मिक्स सॅलड मागवलं की त्यावर न सांगता ट्यूना मासा टाकतात, आणि मसुराची आमटी दिसली म्हणून खूष होऊ नका, त्यात बहुतेक वेळा डुकराच्या सॉसेजचे तुकडे असतात, "सिन कार्ने, सिन आतून" (म्हणजे मांसाशिवाय, ट्यूनाशिवाय) हे शब्द पाठ करून जा. चटणी मात्र त्या सातही किलोंमधली सगळ्यात उपयोगी वस्तू ठरली, ती आम्ही सॅकमधे न ठेवता शबनममधे ठेवली होती हे नशीब.

काल्सादिया खोलगट जागेत आहे, त्यामुळे शेवटपर्यंत दिसतच नाही, तुम्हाला वाटतं अजून पाच किमी असेल आणि अचानक पायाखाली घरांची कौलं दिसतात. पावणेबारा वाजले होते. कॉफी घेतली, बूट काढले, मोजे उन्हात टाकले. गावातली जुनी घरं मातीच्या कच्च्या विटांची, अदोबेची, माती आणि काड मळून उन्हात वाळवलेल्या विटा. एका पडक्या भिंतीपाशी आई उभी राहिली, नखाने थोडं खरवडलं, मातीतून गव्हाचं काड बाहेर आलं ते बोटात धरून मला दाखवलं. तिच्या आजोळचं घर माळवदाचं होतं, पांढऱ्या मातीचं, आता पडलंय. "आपण पण असंच काड घालायचो, नाहीतर माती तडकते," म्हणाली आणि ते काड तिने पुस्तिकेत शिक्क्यांच्या पानात ठेवलं. अजून आहे.

पुढे लेदिगोस सहा किमी, तिथून तेरादियोस तीन किमी. हे नऊ किमी मला सकाळच्या सतरापेक्षा जड गेले. रस्त्याला लागून जाणारी पायवाट, डोक्यावर ऊन, कापणी झालेल्या शेतांचा पिवळा धस, मधेच करपून मान टाकलेल्या सूर्यफुलांचं एखादं रान. आई सारखी विचारत होती, माणसं कुठायत गं, एवढी शेतं आणि बांधावर एक माणूस नाही? खरंच नव्हतं. सगळं मशिनवर, गावं रिकामी. तेरादियोसच्या नावातला तेम्प्लारिओस हा भाग टेम्प्लर या मध्ययुगीन ख्रिस्ती योद्ध्यांवरून आलाय, त्यांनी सोन्याची अंडी देणारी कोंबडी इथे पुरली अशी दंतकथा सांगतात. आईने ती गोष्ट फार मन लावून ऐकली नाही, तिचं लक्ष सावली शोधण्यात होतं.

पावणेतीनला पोचलो. आणि सॅक नाही.

रिसेप्शनच्या कोपऱ्यात वीसेक सॅक रांगेत होत्या, आमची नाही. बाईंनी वही बघितली, बेड होता, सॅकची नोंद नाही. आधी वाटलं गाडीला उशीर झाला असेल. सव्वातीनला मी कंपनीला व्हॉट्सॲप केलं, उत्तर नाही. फोन लावला, रिंग वाजून कट. परत मेसेज, त्यावर पाकिटाचा सकाळी काढलेला फोटो पाठवला ज्यात आल्बेर्गेचं नाव स्वच्छ लिहिलेलं होतं. काही नाही. आणि तेव्हा आई हळूच म्हणाली की बीपीच्या गोळ्या सॅकमधे आहेत. दुपारच्या जेवणानंतरची गोळी. सकाळी अंधारात भरताना शबनममधे ठेवायची राहिली होती, आणि मी विचारलं नव्हतं. हे कंपनीचं चुकलं नाही, हे आमचं चुकलं, पण त्या क्षणी माझ्या पोटात गोळा आला, कारण हे सत्तर-ऐंशी वस्तीचं गाव, औषधांचं दुकान कुठलं असणार इथे. आई पाय बादलीत बुडवून शांत बसली होती, मलाच धीर देत होती.

गावात आल्बेर्गे दोन आहेत, एक गावाच्या अलीकडे रस्त्यालगत आणि एक आत. आमच्या बाईंनी दुसरीकडे फोन केला, तिकडे म्हणाले नाही, तुमच्या नावाची काही नाही. मी परत येरझाऱ्या. इतक्यात एक कोरियन मुलगा आला, सकाळपासून आमच्या मागेपुढे चालत होता, आईला रोज "बुएन कामिनो" (म्हणजे शुभ यात्रा) म्हणायचा आणि आई त्याला "माऊली" म्हणायची. तो दुसऱ्या आल्बेर्गेत उतरला होता, पण आमचं काय चाललंय बघून विचारलं, मी सांगितलं, तर त्याने हाताने खूण केली, लाल कापड? सोनेरी?

वारीत ट्रकमधे सगळ्यांच्या पिशव्या सारख्याच दिसतात, म्हणून आई आपल्या पिशवीला जुन्या इरकलीचा काठ फाडून बांधते, तिची सवयच आहे. इथेही बुर्गोसला पहिल्याच दिवशी तिने सॅकच्या हँडलला लाल काठ बांधला होता, मी म्हटलं पण होतं कशाला. त्या मुलाने तो काठ सकाळी कारिऑनमधे बघितला होता आणि दुपारी त्याच्या आल्बेर्गेच्या मागच्या पडवीत सायकलींपाशी. मी पळतच गेले. सॅक तिथे होती, पाकीट फाटून अर्धं गेलेलं, नाव असलेला भागच नव्हता, म्हणून त्यांनी फोनवर नाही म्हटलं होतं. ड्रायव्हरने एकाच गावच्या सगळ्या सॅक एकाच ठिकाणी उतरवून दिल्या होत्या बहुतेक, कारण तिथे अजून एक आमच्याच आल्बेर्गेची सॅक निघाली.

पावणेपाचला गोळी घेतली. कंपनीचा मेसेज संध्याकाळी सात वाजून काही मिनिटांनी आला, "सॅक मिळाली का?" असा एका ओळीचा. माफी नाही, झालं काय ते नाही. मला राग त्या चुकीबद्दल नाही आला, चूक कोणाचीही होते, शंभर-दीडशे सॅक रोज उचलायच्या म्हणजे एखादी इकडेतिकडे होणारच. राग आला तो जवळजवळ चार तास कोणी उत्तर न देण्याचा. ज्या सर्व्हिसवर म्हाताऱ्या माणसांचं सामान अवलंबून आहे त्यांनी दुपारी दोन ते पाच तरी फोनवर माणूस बसवायला हवा, ही साधी गोष्ट आहे.

तरीही दुसऱ्या दिवशी आम्ही त्याच कंपनीकडून सॅक पाठवली, बेर्सियानोसला, आणि ती दीड वाजता तिथे हजर होती. आम्ही सात टप्प्यांना ही सर्व्हिस वापरली, सहा वेळा चोख, एकदा हा घोळ. ड्रायव्हर सकाळी भेटायचे ते नम्र होते, सॅक आपटत नव्हते, एकदाही काही ओलं, फाटलेलं, उसवलेलं नाही. म्हणून मी पाचपैकी साडेतीन देते, एक गुण न उचललेल्या फोनचा कापला आणि अर्धा कागदी पाकिटाचा, ते प्लॅस्टिकचं केलं तर निम्म्या चुका होणारच नाहीत.

तुम्ही वापरणार असाल तर औषधं, पासपोर्ट, शिक्क्यांची पुस्तिका, पैसे, चार्जर आणि एक जोडी मोजे अंगावरच्या पिशवीत ठेवा, काहीही झालं तरी. छोटी पाठीची पिशवी वेगळी न्या, आमची शबनम एका खांद्याला लागत होती आणि दुखऱ्या खांद्याकडे सरकत होती. पाकिटासोबत सॅकच्या आतही एका कागदावर नाव, फोन आणि मुक्काम लिहून ठेवा. पोचल्यावर सॅक दिसली नाही तर कंपनीची वाट बघत बसू नका, गावातल्या प्रत्येक आल्बेर्गेत स्वतः जाऊन डोळ्यांनी बघा, फोनवर विचारून उपयोग नाही.

आणि सॅकला काहीतरी रंगीत बांधा. लेऑनला आम्ही निघायच्या आदल्या रात्री आईने तो काठ मधोमध फाडला, अर्धा त्या कोरियन मुलाच्या सॅकला बांधून दिला. त्याला अजून 300 किमी जायचं होतं. तीन आठवड्यांनी त्याने सांतियागोच्या चौकातून फोटो पाठवला, चेहरा पार रापलेला, आणि खांद्यावरच्या पट्ट्याला तो काठ, लाल कमी आणि धुळीचा जास्त.